इंटरनेटवरील निनावीपणा : ढाल कोणाची, हत्यार कोणाचे?

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबर जवळ आले की मोबाईलवर एक ठरलेला उद्योग सुरू होतो. बाबासाहेबांचे विद्रूप केलेले चित्र, आरक्षणावरून शिवीगाळ, चैत्यभूमीवर येणाऱ्या जनसागराची टिंगल. हे टाकणाऱ्याचे नाव शोधायला जावे तर आकडे चिकटवलेले कसले तरी टोपणनाव सापडते आणि फोटोच्या जागी सिनेमातला नट, वाघ किंवा देवाचे चित्र. आपली मुले संतापतात, पोलीस ठाण्यावर निवेदन जाते आणि कागदावर दोन शब्द उमटतात, 'अज्ञात समाजकंटक'!

हे दोन शब्द आपल्याला नवे नाहीत. इंटरनेट गावोगावी पोहोचण्याच्या कितीतरी आधी, ११ जुलै १९९७ रोजी, घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरातल्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. सकाळी जमलेल्या वस्तीवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि १० जणांचे बळी गेले. हार घालणारा अंधारात होता, गोळ्या खाणारे उजेडात होते. अंधाराचा हा फायदा आज मोबाईलवाल्याला घरबसल्या, फुकटात आणि चोवीस तास मिळतो, एवढाच फरक.

म्हणूनच आपल्या अनेक कार्यकर्त्यांकडून एक मागणी वारंवार ऐकू येते. प्रत्येक खाते आधारकार्डाला जोडा, खऱ्या नावाशिवाय कोणालाही लिहू देऊ नका, म्हणजे मुखवटे गळून पडतील. मागणी वरवर रास्त वाटते. परंतु चळवळीने तिच्याखाली सही करण्यापूर्वी दहा वेळा विचार केला पाहिजे. मुखवटा काढण्याचे यंत्र एकदा उभे राहिले की ते पहिल्यांदा कोणाच्या चेहऱ्याकडे वळते, याचा या देशातला अनुभव आपल्याइतका कोणाच्या गाठीशी आहे?

थोडे मागे जाऊ. १६ जानेवारी १९१९ रोजी मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त होमरूलच्या प्रश्नावर एक पत्र छापून आले. लिहिणाऱ्याने स्वतःचे नाव दिले नव्हते. सही होती 'अ महार', म्हणजे एक महार. ते पत्र बाबासाहेबांचे होते. त्या वेळी ते सिडनहॅम कॉलेज या सरकारी महाविद्यालयात प्राध्यापक होते. पुढच्याच वर्षी, ३१ जानेवारी १९२० रोजी, 'मूकनायक' सुरू झाले. त्यावर संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते आणि आतले अग्रलेख बाबासाहेबांचे होते. सरकारी नोकरीतल्या माणसाला उघडपणे पत्र चालवता येत नाही, ही अडचण तेव्हाही होती.

त्या सहीकडे नीट पाहा. नाव झाकले आहे, जात झाकलेली नाही! ज्या जातीमुळे माणसाला बोलू दिले जात नव्हते, त्याच जातीच्या नावाने ते पत्र बोलते. आजच्या शिवराळ खातेदाराचा सगळा व्यवहार याच्या उलटा आहे. तो आपले नाव झाकतो, आपली जात झाकतो आणि दुसऱ्याची जात चव्हाट्यावर मांडतो. दोघेही निनावीच, पण पहिल्याने सत्तेसमोर तोंड उघडण्यासाठी नाव मागे ठेवले आणि दुसरा सत्तेच्या सावलीत उभा राहून दुबळ्यावर थुंकण्यासाठी ते मागे ठेवतो. या दोघांना एकाच कायद्याच्या एकाच काठीने हाकता येणार नाही.

जात लपवावी लागण्याचा अनुभव तर याहून कडू आहे. १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत त्यांना पारशी नावाने राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्याकाठ्या घेतलेला पारश्यांचा घोळका दारात आला आणि कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या त्या माणसाला सामान घेऊन बाहेर पडावे लागले. 'वेटिंग फॉर ए व्हिसा'मध्ये हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. बाबुराव बागूलांनी १९६३ साली आपल्या कथासंग्रहाला नाव दिले 'जेव्हा मी जात चोरली होती'. आपल्या भाषेत 'जात चोरणे' असा शब्दप्रयोग रूढ व्हावा, आणि चोर ठरावा तो जात सोसणारा, यातच सगळे आले.

म्हणून निनावीपणाचा फायदा काय, असे कोणी विचारले तर आपल्याला पुस्तकात उत्तर शोधावे लागत नाही. वसतिगृहातल्या मुलाला विचारा. आयआयटीसारख्या संस्थेत शेजारचा मुलगा 'रँक किती?' असे सहज विचारतो आणि आकडा ऐकून मनातल्या मनात जात ठरवतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत दर्शन सोळंकी या दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्यानंतर, जुलै २०२३ मध्ये, विद्यार्थ्यांनी एकमेकांना प्रवेशाचा प्रवर्ग किंवा प्रवेश परीक्षेतील रँक विचारणे अनुचित आहे, अशी सूचना त्या संस्थेलाच काढावी लागली. अशा ठिकाणी शिकणारा मुलगा प्राध्यापकाविरुद्ध, मार्गदर्शकाविरुद्ध खऱ्या नावाने कसे लिहील? गुण त्यांच्या हातात, शिफारसपत्र त्यांच्या हातात, पीएच.डी.च्या प्रबंधावरची सही त्यांच्या हातात. तो टोपणनावानेच लिहिणार. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित वेमुलाने जीवन संपवल्यानंतर देशभरातल्या दलित मुलामुलींनी इंटरनेटवर आपापले अनुभव लिहायला सुरुवात केली. कोणी नावानिशी पुढे आले, कोणी नाव न देता. नाव न देणारे भित्रे होते, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

नोकरदार वर्गाचीही हीच गोष्ट आहे आणि आपली चळवळ मोठ्या प्रमाणावर नोकरदारांच्या खांद्यावर उभी आहे. कांशीरामजींनी १९७८ साली बामसेफ उभी केली ती कर्मचाऱ्यांचीच आणि ती आंदोलनात्मक नसेल असे ठरवले ते याच अडचणीमुळे. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापरावर बंधने घालणारा शासन निर्णय काढला. सरकारच्या धोरणावर प्रतिकूल टीका करायची नाही, हा त्यातला मुख्य बडगा. मग शिष्यवृत्ती का रखडली, बिंदुनामावलीत घोळ कुठे झाला, पदोन्नतीतला अनुशेष कोणी दाबून ठेवला, हे आतली फाईल पाहणारा कारकून सांगणार कसे? एक तर तो गप्प बसेल, नाही तर नाव झाकून सांगेल. तिसरा मार्ग त्याला ठेवलेला नाही.

आता खऱ्या नावाने बोलणाऱ्याचे काय होते तेही पाहू. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळ ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार साध्या ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या पसंत केल्या. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. दोघींनीही नाव लपवले नव्हते, म्हणूनच त्या अर्ध्या दिवसात सापडल्या. ज्या कलम ६६अ खाली ही कारवाई झाली ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवून रद्द केले. पण तोपर्यंत जायचा तो संदेश गेलाच होता!

आणि मुखवटा ओढताना भलत्याच माणसाचा चेहरा हाती आला तर? हेही घडले आहे, आपल्याच राज्यात. २००७ साली ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर आला. पुणे पोलिसांनी इंटरनेट कंपनीकडून आयपी ॲड्रेसची माहिती मागवली आणि त्या आधारे बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला उचलून येरवड्यात टाकले. कंपनीने दिलेली माहितीच चुकीची निघाली! ज्याचा त्या मजकुराशी काही संबंध नव्हता तो माणूस ५० दिवस तुरुंगात राहिला. तो इंग्रजी बोलणारा, पगारदार, ओळखीपाळखी असलेला अभियंता होता, म्हणून निदान त्याची बातमी झाली. त्याच्या जागी एखाद्या वस्तीतला, जामीनदारही न मिळणारा पोरगा असता तर?

याहून गंभीर प्रकार भीमा-कोरेगाव प्रकरणात पुढे आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या तपासणी संस्थेने अहवाल दिला की रोना विल्सन यांच्या संगणकात कोणा अज्ञात हल्लेखोराने घातक सॉफ्टवेअर घुसवले होते, सुमारे २२ महिने तो त्यात वावरत होता आणि ज्या पत्रांच्या आधारे खटला उभा राहिला ती त्यानेच तिथे नेऊन ठेवली. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हा अहवाल मान्य केला नाही. पण प्रश्न उरतोच. ज्यांची नावे जगजाहीर होती ते लेखक, वकील, प्राध्यापक तुरुंगात गेले. आनंद तेलतुंबडे यांना तर १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीच्याच दिवशी, यंत्रणेपुढे हजर व्हावे लागले. आणि संगणकात शिरणारा तो हात? तो निनावीच राहिला. निनावीपणा ही केवळ गल्लीतल्या टवाळखोराची मिरास आहे, असे समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

याचा अर्थ निनावीपणाने होणारे नुकसान किरकोळ आहे, असे मुळीच नाही. या महाराष्ट्रात त्याने माणसे मारली आहेत. जून २०१४ च्या सुरुवातीला फेसबुकवर शिवाजी महाराज आणि बाळ ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे झळकली. कोणी टाकली ते ठाऊक नव्हते. दंगलखोरांना त्याची गरजही नव्हती. २ जूनच्या रात्री पुण्यात हडपसरला नमाज पढून परतणाऱ्या एका मुस्लिम संगणक अभियंत्याला दाढी आणि टोपी पाहून ठार मारण्यात आले. त्याचा त्या चित्रांशी काडीचाही संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. निनावी मजकुराची गंमत अशी की गुन्हेगार दिसत नाही म्हणून जमाव आपल्या सोयीचा गुन्हेगार ठरवून मोकळा होतो, आणि तो नेहमी अल्पसंख्य किंवा दलित वस्तीतच सापडतो.

कधी कधी तर दुसऱ्याच समाजाचा मुखवटा चढवला जातो. जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' नावाच्या ॲपवर मुस्लिम महिलांचे फोटो लावून त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. मुंबई पोलिसांनी तपास लावला तेव्हा हाती आली शिकणारी, विशीच्या आसपासची पोरे. त्यांनी खात्यांना शीख समाजाची वाटावीत अशी नावे दिली होती, म्हणजे शिवी एकाने द्यायची आणि डोकी दुसऱ्यांची फुटायची. उद्या एखाद्या 'जयभीम' नावाच्या खात्यावरून कोणाच्या दैवताला शिवी आली, तर ते खाते आपल्याच माणसाचे आहे हे गृहीत धरून भांडायला निघू नका. निळा झेंडा कोणालाही लावता येतो.

पण हे प्रकरण मुंबई पोलिसांनी काही दिवसांत उकलले, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्यासाठी देशातल्या प्रत्येक माणसाचे आधारकार्ड गोळा करावे लागले नव्हते! पोलिसांनी मनावर घेतले तर निनावी माणूस सापडतो. 'अज्ञात समाजकंटक' अज्ञात राहतो तो बहुतेक वेळा तंत्रज्ञानामुळे नव्हे, तर फिर्यादी कोण आहे ते पाहून.

खऱ्या नावाची सक्ती करून पाहणारा देशही आहे. दक्षिण कोरियाने २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांची ओळख पटवणे बंधनकारक केले. शिवीगाळ म्हणावी तशी कमी झाली नाही. उलट, कंपन्यांकडे लोकांच्या ओळखीचे भांडार साठले आणि २०११ मध्ये एका मोठ्या कंपनीवर डल्ला पडून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. त्या देशाची लोकसंख्याच पाच कोटींच्या घरात! ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द केला. आपल्याकडे अशा भांडारात आडनाव असेल, गाव असेल, आणि आडनाव व गाव मिळाले की जात काढायला वेळ तो किती लागतो?

शिवाय, खऱ्या नावाने सभ्यता येते हा समजच मुळात खोटा आहे. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टरने आत्महत्या केली. तिचा जातीवरून छळ केल्याचा आरोप ज्यांच्यावर ठेवला गेला त्या वरिष्ठ डॉक्टर कोणी अज्ञात नव्हत्या, रोजच्या वावरातल्या होत्या. जातीचा माज चढलेल्याला मुखवट्याची गरज पडत नाही. मुखवटा घालतो तो त्यातला भित्रा!

मग कायद्यात काही आहे की नाही? आहे, आणि तो आपल्या कार्यकर्त्यांनी तोंडपाठ केला पाहिजे. नाव लपवून धमकी देणे हा १८६० च्या दंडसंहितेतही वेगळा गुन्हा होता, कलम ५०७. आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१(४) मध्ये आहे आणि धमकीच्या मूळ शिक्षेवर दोन वर्षांपर्यंत जादा शिक्षा सांगतो. दुसऱ्याच्या नावाने खाते काढून लुबाडणूक, बदनामी झाली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६६क आणि ६६ड आहेत. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने, २६ जानेवारी २०१६ पासून, दोन फार उपयोगाची पोटकलमे आली. ३(१)(u) म्हणजे लेखी, तोंडी किंवा दृश्य रूपात अनुसूचित जाती-जमातींविरुद्ध द्वेष पसरवणे, आणि ३(१)(v) म्हणजे या समाजांना पूज्य असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर करणे. बाबासाहेबांच्या विटंबनेसाठी याहून नेमके कलम कोणते हवे? तरीही पोलीस ठाण्यात ते लावून घेण्यासाठी घाम गाळावा लागतो. 'हे तर मोबाईलवर झाले, सार्वजनिक ठिकाणी कुठे झाले?' असा शहाजोग सवाल येतो. त्यावर केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये चोख उत्तर दिले आहे. इंटरनेटवरचा मजकूर जेव्हा जेव्हा कोणी उघडून पाहतो तेव्हा तेव्हा पीडित व्यक्ती तिथे हजर आहे असेच मानले पाहिजे, असे त्या न्यायालयाने म्हटले.

एक पेच मात्र खराच आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसावा लागतो. आरोपीचे नावच माहीत नाही, तर त्याची जात कुठून आणायची? आणि पीडिताची जात त्याला ठाऊक होती हे कसे दाखवायचे? कायद्याच्या कलम ८ प्रमाणे आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी ओळख असेल तर न्यायालय तशी जाणीव होती असे गृहीत धरते. पण इंटरनेटवरचा शिवराळ तर अनोळखी. तो सापडला तरी 'मला काय माहीत यांची जात?' म्हणून सुटू पाहतो. यावर मार्ग हाच की फिर्याद देताना त्या खात्याचा आधीचा मजकूरही जोडावा. ज्याने वर्षभर आरक्षणवाल्यांना शिव्या दिल्या, त्याला जात माहीत नव्हती हे कोण ऐकून घेईल?

आणि घाई करावी. २०२१ च्या नियमांप्रमाणे कंपनीने काढून टाकलेला मजकूर व त्यासंबंधीची नोंद १८० दिवस जपायची असते, आणि अधिकृत यंत्रणेने लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत माहिती द्यायची असते. निवेदने, मोर्चे, पालकमंत्र्यांची भेट यात सहा महिने गेले की नोंद पुसली गेलीच म्हणून समजा. मोबाईलवर दिसणारे पान टिपून घ्यावे, त्याचा पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ लिहून ठेवावी, ज्या मोबाईलवर ते टिपले तो विकू नये किंवा साफ करू नये. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यासाठी वकिलाची मदत घ्यावी. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा आहे, हे ठाणेदाराला शांतपणे पण ठामपणे सांगावे.

आता जरा घरात डोकावू. आपल्याच गटातटांच्या भांडणात, आपल्याच नेत्यांची, आणि विशेषतः बोलणाऱ्या स्त्री कार्यकर्त्यांची, खोट्या खात्यांवरून जी अब्रू काढली जाते ती कोण काढतो? खात्याला चित्र बाबासाहेबांचे किंवा तथागतांचे, आणि खाली लिहिलेली भाषा नाक्यावरची! एखाद्या बाईने पक्षाच्या उमेदवारीवर प्रश्न विचारला की तिच्या चारित्र्यावर घसरणारे हे वीर ब्राह्मणवाद्यांकडून उसने आणलेले नाहीत. ज्याने निनावीपणे व्यवस्थेविरुद्ध पुरावा दिला त्याला आपण जपावे, पण ज्याने निनावीपणे आपल्याच बहिणीला शिवी दिली त्याला आपल्या गटातून नाव घेऊन बाहेर काढावे. मनुवाद्यांविरुद्ध फिर्याद देताना जी कलमे आठवतात ती इथेही लागू आहेत, फक्त ॲट्रॉसिटीचे लागणार नाही.

उरला सरकारचा हेतू. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांत संदेश पहिल्यांदा कोणी पाठवला ते शोधून देण्याचे बंधन मोठ्या संदेशवाहक कंपन्यांवर घातले गेले. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि एप्रिल २०२४ मध्ये, सांकेतिक कुलूप तोडायला लावाल तर आम्ही देश सोडू, असे त्याच्या वकिलांनी सांगितले. कंपनीच्या पुळक्याने डोळे भरून यायचे कारण नाही, तिला तिचा धंदा सांभाळायचा आहे. पण त्याच सरकारने २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(j) बदलून घेतले. पूर्वी व्यापक जनहित असेल तर अधिकाऱ्याची माहिती देता येईल असे त्या कलमातच म्हटले होते. आता 'वैयक्तिक माहिती' एवढे म्हटले की दार बंद करण्याची सोय झाली. खोट्या जातप्रमाणपत्रावर राखीव जागा बळकावणाऱ्याची कागदपत्रे मागायला गेलेल्या कार्यकर्त्याला आता कोणते उत्तर मिळणार, ते सांगायला ज्योतिषी नको. म्हणजे साहेबाचे नाव झाकायचे आणि वस्तीतल्या पोराने कोणता संदेश कुठून पाठवला ते उघडे करायचे! कोणत्या खासदाराने, कोणत्या आमदाराने या दोन्ही गोष्टी एकत्र मांडून सभागृहात प्रश्न विचारला, हे आपापल्या मतदारसंघात विचारून पाहायला हरकत नाही.